जांबचा नारायण आणि आपल्या अंगणातली मुले

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आधी बँकेतल्या आठवणी लिहायचं मनात होतं. पण त्या ऐकून माझ्या घरचेच कंटाळलेत, तुम्हाला कशाला छळू! म्हणून नोकरीत असताना जालना जिल्ह्यात पाहिलेल्या एका गावातल्या मुलाविषयी लिहितो.

गाव जांब समर्थ, तालुका घनसावंगी. इथे १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांना मुलगा झाला. नाव ठेवले नारायण. पुढे तो समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. आपण तसबिरीत दाढीवाले, कुबडी घेतलेले रामदास पाहतो. हे कधीकाळी लहान होते, हे डोक्यातच येत नाही. पण चरित्रकारांनी सांगितलेला नारायण चांगलाच उनाड आहे. झाडांवर चढायचं, फांदीवरून फांदीवर उड्या मारायच्या, पाण्यात डुंबायचं. आईच्या जिवाला घोर. त्यात वडील लवकर गेले आणि घराचा भार थोरले बंधू गंगाधरपंत यांच्यावर आला. एकदा म्हणे हा मुलगा अडगळीच्या खोलीत एकटाच बसलेला सापडला. काय करतोस म्हणून आईने विचारलं, तर साऱ्या जगाची काळजी करतोय, असं उत्तर! परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. मी बँकवाला असूनही तिची पावती मागत नाही.

बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून तो निघून गेला आणि नाशिकजवळ टाकळीला पोहोचला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिथली बारा वर्षे मात्र आपण भरभर ओलांडतो. पहाटे उठणे, सूर्यनमस्कार, गोदावरीच्या पाण्यात उभे राहून जप, दुपारी भिक्षा, मग वाचन आणि लेखन. जांबच्या झाडांवर कमावलेलं अंग इथे कामाला आलं असणार, असं मला वाटतं. वाल्मीकि रामायणाची प्रत त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढली. पुढे शंकर श्रीकृष्ण देवांनी खपून गोळा केलेल्या कागदपत्रांत ती आली आणि धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपली गेली.

दासबोधात तर अक्षर कसं काढावं यावर अख्खा समास आहे. अक्षर वाटोळं, मोकळं असावं, ओळी सरळ चालाव्यात, पानाच्या कडेला जागा सोडावी, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, हेही बजावलंय. माझ्या जुन्या डायऱ्या आता भिंगाशिवाय दिसत नाहीत, तेव्हा हा मुद्दा पटला.

हा समास वाचून मी माझ्या मुलाला रोज चार पानं शुद्धलेखन लावलं होतं. पानं पूर्ण झाल्याशिवाय खाली खेळायला जायचं नाही. तो खिडकीशी बसून लिहायचा, खालून मुलांचा आरडाओरडा यायचा. अक्षर काही सुधारलं नाही. वहीची मात्र त्याला शिसारी बसली. त्याच दासबोधात दुसरीकडे सांगितलंय की मुलाच्या चालीने चालावं, त्याच्या मनातलं ओळखून बोलावं, आणि लोकांनाही तसंच हळूहळू शिकवावं. ते मी बऱ्याच उशिरा वाचलं. सोयीचं तेवढं आधी वाचलं होतं!

टाकळीनंतर रामदास बारा वर्षे देशभर हिंडले. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. चाफळचं राममंदिर, अकरा मारुती हे त्यानंतरचं. पण त्याआधी ते जांबला आईला भेटायला गेले, असं सांगतात. चोवीस वर्षे लोटली होती. राणूबाईंची दृष्टी गेली होती. दारात कुणी भिक्षेकरी आलाय असंच घरात वाटलं. मग आईने चेहऱ्यावरून हात फिरवून आपला नारायण ओळखला. शके १६०३ च्या माघात, वद्य नवमीला, सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. पण मला त्यांचं चरित्र आठवतं ते त्या दारातलंच.

माझा मुलगा आता दूर असतो. वर्षातून एकदा येतो.

आणखी एक कबुली. मी सेक्रेटरी असताना पार्किंगजवळ ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी लावली होती. एक काच फुटली होती, एवढंच निमित्त. जुन्या सभासदांना आठवत असेल. गेल्या मे महिन्यात नात आली होती. सकाळी आम्ही दोघं मिळून अर्धं पान लिहायचो, मीही तिच्या शेजारी बसून. मग ती खाली पळायची. तिला कुणीतरी ती पाटी दाखवली आणि आजोबांनीच लावलीय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कमिटीची परवानगी घेऊन मी वॉचमनकडून ती उतरवून घेतली. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं आहेत, ती अजून बुजवायची राहिलीत.