हरिश्चंद्राच्या आधी फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर होता कुंडीतला वाटाणा

दादासाहेब फाळके म्हटलं की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. त्यांच्या नावाचा पुरस्कार आठवतो. पण हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी एक छोटीशी फिल्म काढली होती. तिच्यात ना राजा होता ना राणी. होता फक्त कुंडीत पेरलेला वाटाणा.

आणि तो वाटाणा उगवला नसता तर हरिश्चंद्रासाठी पैसेच उभे राहिले नसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, तिथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी, छपाई, जे दिसेल ते शिकायचं असा त्यांचा खाक्या. १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी बनवलेल्या नाट्यगृहाच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं आणि काम आवडलेल्या एका चाहत्याने त्यांना चक्क महागडा कॅमेरा भेट दिला.

त्या जोरावर गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. पण १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघंही गेले. फाळके बडोद्याला परतले, पुन्हा फोटोग्राफी सुरू केली. तर तिथे वेगळीच आफत. फोटो काढला की कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी समजूत लोकांत पसरली. मग फोटोला बसणार कोण?

त्यानंतर १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची नोकरी, ती सोडून छपाईचा धंदा, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी आणि शेवटी भागीदारांशी बिनसल्यावर त्या धंद्यालाही रामराम. चाळिशी उलटली होती आणि हातात काही नव्हतं.

१९११ च्या ईस्टरला गिरगावातल्या तंबूवजा थिएटरात त्यांनी येशूच्या आयुष्यावरची फिल्म पाहिली. असेच राम-कृष्ण पडद्यावर आणायचे, हे वेड तिथून लागलं. मिळेल ती फिल्म पाहायची, घरी छोट्या यंत्रावर मेणबत्तीच्या उजेडात रिळं भिंतीवर पाडून बघायची. झोप जवळजवळ बंद. डोळ्यांवर एवढा ताण आला की दिसेनासं झालं. उपचार झाले, चष्मे बदलले, नजर परत आली. दुसऱ्या कुणी इथे थांबून नोकरी शोधली असती. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची बोट पकडली.

तिथे चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांनी त्यांना आपला स्टुडिओ दाखवला. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली, फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही घेतलं.

हा कॅमेरा म्हणजे हाताने दांडी फिरवायची पेटी. मोटर नाही, वेग हाताच्या अंदाजावर. आवाज नाही, रंग नाही. प्रकाश सूर्य देईल तेवढा. काय टिपलं गेलं ते फिल्म धुतल्याशिवाय कळायचं नाही. फिल्मच्या कडांची भोकंसुद्धा घरीच पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की माल वाया. ते काम पत्नी सरस्वतीबाई करायच्या.

यंत्र आलं, पण सिनेमाला भांडवल द्यायला कुणी तयार होईना. सिनेमा भारतात बनू शकतो हेच कुणाला पटत नव्हतं. फाळक्यांनी समजावत बसण्याऐवजी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा बसवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपायला सुरुवात केली. महिनाभराहून जास्त हे चाललं. माती फुटते, कोंब वर येतो, वेल चढत जाते आणि हे सगळं मिनिटभरात. 'अंकुराची वाढ' या नावाने ती फिल्म ओळखली जाते.

फाळक्यांनी दिवसाला एकच चौकट टिपली, असं नेहमी सांगितलं जातं. पण हिशोब करून बघा. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चौकटी सरकायच्या. महिन्याच्या तीस चौकटी दोन सेकंदांत संपल्या असत्या. मिनिटभराच्या फिल्मला हजारेक चौकटी हव्यात. म्हणजे त्यांच्या कुंडीकडे दिवसभरात कितीतरी फेऱ्या झाल्या असणार. आज मोबाईलचं टाइमलॅप्सचं बटण हेच काम करतं.

त्यांनी ती फिल्म निवडक लोकांना दाखवली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे कर्ज द्यायला तयार झाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे 1९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पण अशा प्रयोगांची त्यांची हौस इथे संपली नाही. हरिश्चंद्रानंतर त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला. १९१४ मध्ये आपल्या फिल्म घेऊन ते पुन्हा लंडनला गेले, तिथे कौतुक झालं, पण परत येईपर्यंत महायुद्ध पेटलं. कच्च्या फिल्मचा पुरवठा आटला, सावकारांनी हात आखडता घेतला. मोठा सिनेमा काढणं शक्यच नव्हतं. मग फाळक्यांनी काड्यापेटी उघडली.

१९१५ ची 'आगकाड्यांची मौज'. काडी जराशी हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची. पडद्यावर काड्या आपणहून फिरताना, आकार घेताना दिसायच्या. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी काही वर्षं आधी काड्यांचा असाच खेळ पडद्यावर मांडला होता, त्यावरून ही कल्पना सुचली असं मानतात. नटांचा पगार नाही, कपडेपट नाही, फिल्मही थोडकीच लागते. याला आज स्टॉप मोशन म्हणतात. याच धर्तीवरच्या त्यांच्या छोट्या फिल्मपटांत 'लक्ष्मीचा गालिचा' आहे आणि 'प्रोफेसर केळफाच्या जादू'ही. केळफा कोण, असा प्रश्न पडला असेल तर नाव उलटं वाचा. फाळके जादूचे प्रयोगही करायचे.

१९१७ च्या 'लंकादहन'ने पुन्हा पैसा आला, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. बोलपट आल्यावर मूकपटांचा हा माणूस मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणाऱ्या त्यांच्या एका फिल्मचा तुकडाही उरलाय, त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. आगकाड्यांची मात्र एकही चौकट शिल्लक नाही.