सही होती, चेहरा नव्हता

अमेरिकेतील मोठ्या मासिकांच्या व्यंगचित्रांत एके काळी काळा माणूस दिसे तो जाड ओठांचा, बटबटीत डोळ्यांचा, हाती तबक घेतलेला नोकर म्हणून. त्या काळात, २ जानेवारी १९०६ रोजी, सेंट लुई शहरात एल्मर सिम्स कॅम्पबेल या काळ्या मुलाचा जन्म झाला. वडील लवकर वारले. आई चित्रे काढीत असे. ती विद्या मुलाकडे आली. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण झाले, पण चित्रकार म्हणून काम कोण देणार? रेल्वेच्या भोजनाच्या डब्यात वाढप्याची नोकरी पत्करावी लागली. व्यंगचित्रातला तो तबकवाला नोकर इथे मात्र प्रवाशांचीच चित्रे काढीत होता!

१९२९ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. सुंदर तरुणींची चित्रे काढ, ती नेहमी खपतात, असा सल्ला रसेल पॅटरसन या नामवंत चित्रकाराने दिला. १९३३ मध्ये 'एस्क्वायर' निघाले तेव्हा संपादक आर्नल्ड गिंगरिच स्वतः हार्लेममध्ये कॅम्पबेल यांच्याकडे आले. पहिल्या अंकापासून पुढे कित्येक वर्षे क्वचितच एखादा अंक त्यांच्या चित्राविना निघाला. मासिकाची ओळख बनलेला मिशाळ, बटबटीत डोळ्यांचा 'एस्की' मूळ त्यांच्याच हातचा. 'क्यूटीज' ही त्यांची चित्रमालिका दक्षिणेतील वृत्तपत्रांतही छापली जाई, जिथे काळ्यांना गोऱ्यांच्या पंक्तीला बसता येत नव्हते. चित्रकार काळा आहे हे बहुतेक वाचकांना ठाऊकच नव्हते.

पण त्या चित्रांतली माणसे बहुतेक गोरीच. स्त्रीकडे पाहण्याची नजरही पैसेवाल्या पुरुषाची. ते आम्हांला खटकते. स्वतःच्या माणसांना त्यांनी रंगवले ते अन्यत्र. १९३२ मध्ये स्टर्लिंग ब्राउन यांच्या 'सदर्न रोड' या कवितासंग्रहाला त्यांची चित्रे होती. त्याच वर्षी त्यांनी हार्लेमच्या रात्रीच्या करमणुकीच्या जागांचा चित्रमय नकाशा काढला. त्यात 'कॉटन क्लब'ही आहे : नाचणारे-गाणारे काळे, गिऱ्हाईक गोरे. मोठ्या मासिकांचा कारभारही याहून फार वेगळा नव्हता. हात काळ्याचा चाले, त्याचा चेहरा मात्र पानावर नको.

१९५७ मध्ये ते स्वित्झर्लंडला जाऊन राहिले. पत्नीच्या निधनानंतर परतले आणि २७ जानेवारी १९७१ रोजी न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्स येथे वारले. अमेरिकेच्या चित्रकारांच्या संस्थेने, 'सोसायटी ऑफ इलस्ट्रेटर्स'ने, आपल्या सन्मानितांच्या यादीत त्यांचे नाव घातले ते २००२ मध्ये.