मावा मारायला निघालेल्या माणसाने नर्व्ह गॅस शोधला, त्याची गोष्ट

मुरबाड किंवा शहापूरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात जाऊन भेंडीवर मावा पडलाय एवढं सांगितलं, की समोर बऱ्याचदा आंतरप्रवाही औषधाची बाटली येते. शेडनेटमध्ये ऑर्किड लावणाऱ्यालाही फुलकिडे आणि खवले कीड दिसली की असंच काहीतरी मिळतं. आंतरप्रवाही म्हणजे झाडाच्या रसात उतरणारं विष. औषध पानावर पडतं किंवा मुळातून शिरतं, झाडात पसरतं आणि रस शोषणारी कीड घोटभर रस पिते तेव्हा मरते. पानामागे लपलेल्या किडीपर्यंत फवारा पोचला नाही तरी चालतं.

अशी औषधं पहिल्यांदा तयार करणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आहे गेरहार्ड श्रॅडर.

श्रॅडर १९०३ मध्ये जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या बोर्टफेल्ड गावात जन्मला. ब्राउनश्वाइगलाच रसायनशास्त्र शिकला आणि बायर कंपनीत लागला. बायर तेव्हा आय. जी. फार्बेन या अवाढव्य समूहाचा भाग होती. १९३४ च्या सुमारास त्याच्याकडे काम आलं नवी कीटकनाशकं शोधण्याचं. जर्मनीला बाहेरून धान्य आणायचं नव्हतं, त्यामुळे शेतातलं पीक किडीने खाणं परवडणारं नव्हतं.

श्रॅडर फॉस्फरसच्या संयुगांमागे लागला. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने एक नवं संयुग बनवलं आणि माव्यावर टाकून पाहिलं. अगदी पातळ द्रावणानेही सगळा मावा मेला. जानेवारी १९३७ मध्ये त्याचा एक थेंब प्रयोगशाळेच्या टेबलावर सांडला. श्रॅडर आणि त्याच्या सहाय्यकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, चक्कर आली, श्वास घ्यायला त्रास झाला. बरं व्हायला तीनेक आठवडे गेले.

झालं असं होतं की, आपल्या शरीरात नस आणि स्नायू यांच्यामध्ये निरोप पोचवणारं एक रसायन असतं. निरोप पोचला की एक विकर ते लगेच पुसून टाकतं. श्रॅडरचं संयुग त्या विकरालाच बांधून ठेवतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास बंद. किडीत हेच होतं, माणसातही हेच होतं. फरक फक्त मात्रेचा.

नाझी राजवटीत १९३५ पासून नियम होता की लष्कराच्या कामाचा शोध सरकारला कळवायचा. त्यानुसार हा शोधही लष्कराकडे गेला आणि त्याचं नाव पडलं टॅबून. १९३८ मध्ये आला सरीन. हे नाव ज्यांच्या आडनावांवरून बनलं, त्यात श्रॅडर एक. पहिला शोध अपघाताने लागला हे मान्य करू. पण तो कुठे गेला हे समोर दिसत असतानाही काम चालू राहिलं, एवढं तरी त्याच्या नावावर लिहावंच लागतं. सायलेशियातल्या डायहर्नफुर्टच्या कारखान्यात सुमारे १२ हजार टन टॅबून तयार झालं. हिटलरने ते रणांगणावर वापरलं नाही.

या सगळ्यात कीटकनाशकांचं काम थांबलं नव्हतं. झाडात शिरणारं एक संयुग सापडलं, त्याला पुढे श्रॅडरच्याच नावावरून श्रॅडान म्हटलं गेलं. १९४४ मध्ये पॅराथिऑन आलं. युद्ध संपल्यावर दोस्तांनी श्रॅडरला पकडलं, क्रान्सबर्गच्या किल्ल्यात ठेवलं आणि त्याच्याकडून माहिती काढली. नंतर तो पुन्हा बायरमध्ये परतला. पन्नाशीच्या दशकात सिस्टॉक्स नावाचं आंतरप्रवाही औषध बाजारात आलं, तेही त्याच्याच कामातून.

आपल्याकडे वापरलेली डायमेथोएट, म्हणजे बाटलीवरचं रोगर, आणि मोनोक्रोटोफॉस ही याच कुळातली. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा ज्या औषधांची नावं पुढे आली, त्यात मोनोक्रोटोफॉसही होतं. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ पासूनच मनाई होती.

भेंडी दिवसाआड तोडावी लागते, त्यामुळे फवारणी आणि तोडणी यांच्यातले लेबलवर लिहिलेले दिवस पाळणं कठीण जातं. ऑर्किडचं उलटं आहे. ते कोणी खात नाही, म्हणून थोडं जास्त मारलं तर काय बिघडतं असं वाटतं. पण पंप पाठीवर घेणारा तोच असतो आणि शेडनेटमध्ये हवा उघड्या शेतापेक्षा कमी खेळते. नारळाच्या सोडणांवर वाढणाऱ्या ऑर्किडला मात्रा वाढवून फायदाही नाही, कोवळी मुळं करपतात. लाल कोळी अनेक आंतरप्रवाही औषधांना दादच देत नाही. त्यामुळे आधी कीड कोणती ते बघा. दोन-चार कुंड्यांवरची खवले कीड ओल्या फडक्याने पुसूनही जाते.

फवारायचंच असेल तर लेबलवरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ. दोन औषधं मनाने एकत्र करू नका. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायची सवय तर आजच सोडा. फवारणीनंतर डोकं जड झालं, लाळ सुटली, दिसायला धूसर झालं, तर कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरांकडे अॅट्रोपिन असतं, पण कोणतं विष हे त्यांना बाटलीवरूनच पटकन कळतं.

श्रॅडर १९९० मध्ये वुपर्टालला वारला, ८७ वर्षांचा होऊन. पुढच्याच वर्षी बायरने इमिडाक्लोप्रिड बाजारात आणलं. आज ऑर्किडवाल्यांच्या कपाटात बरेचदा तेच दिसतं. तेही आंतरप्रवाहीच, पण वेगळ्या कुळातलं. माणसाला तुलनेने कमी घातक, मधमाशीला मात्र फार.