भाभांचे यंत्र आणि लिहून ठेवलेले ज्ञान

जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्‌घाटन केले आणि त्याच वेळी तेथील एका यंत्राचे नामकरणही केले. 'टिफ्रॅक' हे ते नाव. भारतीय तंत्रज्ञांनी स्वतः आखून मुंबईतच उभा केलेला हा संगणक होता. डॉ. होमी भाभा यांचे नाव अणुशक्तीशी इतके एकरूप झाले आहे की त्यांच्या चरित्रातील हे प्रकरण सहसा विस्मरणात जाते. इलेक्ट्रॉनिक सर्किटांची आखणी कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपविण्याचे प्रयोग आज सुरू झाले असताना ते पुन्हा उघडणे उपयुक्त ठरेल.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील शिक्षणानंतर १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद उद्योगात यावे, अशी घरची अपेक्षा होती. मुलाचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. १९३० मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन त्यांनी घरचा शब्द राखला आणि मग आपली वाट धरली. १९३९ मध्ये सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून संशोधन संस्थेची योजना मांडली. वेळ येईल तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला परदेशाकडे पाहावे लागू नये, हे त्या योजनेचे सूत्र होते. १९४५ मध्ये संस्था बंगलोरला स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली.

संगणक बांधण्याचे काम भाभांच्या पाठिंब्याने १९५४ च्या सुमारास सुरू झाले. आर. नरसिंहन यांच्याभोवती जमलेल्या त्या लहानशा तरुण गटात त्यांच्याखेरीज कोणी पूर्वी संगणक वापरलेला नव्हता. बांधण्याची गोष्ट दूरच. तरीही १९५६ पर्यंत प्रायोगिक यंत्र तयार झाले आणि १९६० मध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे पूर्ण यंत्र चालू झाले.

हे कसे शक्य झाले? बुद्धी आणि जिद्द होतीच. पण आणखी एक गोष्ट होती. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ पासून आपल्या संगणकाची मांडणी सविस्तर अहवालांत लिहून काढली आणि ते अहवाल कुलूपबंद न ठेवता जगभर पाठविले. त्या कागदांच्या आधारे इलिनॉय, स्टॉकहोम, सिडनी आणि इस्राएलमधील रेहोवोत येथे यंत्रे उभी राहिली. टिफ्रॅक त्याच कुळातले. मांडणी पूर्णपणे लिहिलेली असेल, तर ती करणाऱ्याला कधीही न भेटलेला माणूसही पुढचे काम करू शकतो, हा त्याचा धडा होय.

भाभांचे आर्थिक धोरणही याच अनुभवाशी सुसंगत होते. परदेशी सल्लागारांकडून कारखाना उभारून घेतला, तर कारखाना मिळतो. पण दुसरा उभारण्याची विद्या मिळत नाही, हे त्यांनी पोलाद उद्योगाच्या उदाहरणाने दाखविले. याउलट १९५६ च्या 'अप्सरा' अणुभट्टीची नियंत्रण उपकरणे येथील तंत्रज्ञांनीच घडविली होती. १९६३ मध्ये नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचे ते अध्यक्ष होते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन स्थापन झाले.

आज प्रश्नाचे रूप बदलले आहे, गाभा तोच आहे. सर्किट रेखाटणे, ते तपासणे आणि त्याची पाटी आखणे यांसाठी निरनिराळी सॉफ्टवेअर साधने आहेत आणि ती आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट' हाताळू लागले आहेत. साधनाला काय द्यावे, कोणत्या एककात द्यावे, ते काय परत देते, चूक झाल्यास कोणता संदेश येतो आणि त्याचा अर्थ काय, हे सारे त्यांना शब्दांतच सांगावे लागते. १९७३ पासून प्रचलित असलेल्या 'स्पाइस' या सर्किट तपासणाऱ्या आज्ञावलीत एम हे अक्षर, लहान असो वा मोठे, सहस्रांशच दर्शविते. दशलक्षासाठी 'मेग' लिहावे लागते. दहा लाख ओहमचा रोध सवयीने एक एम लिहिला, तर तो एक सहस्रांश ओहम होतो, म्हणजे चूक एक अब्ज पटीची. मुरलेला इंजिनिअर ही खोच अनुभवाने ओळखतो. एजंटाला ती सांगितली नाही, तर तो चुकीच्या आकड्यावर पुढची सारी इमारत निर्धास्तपणे रचील.

म्हणून साधनांची काटेकोर माहिती लिहिणे हे कारकुनी नव्हे, भांडवलनिर्मितीचे काम आहे. आपल्या प्रयोगशाळांतील, तंत्रनिकेतनांतील आणि लॅमिंग्टन रोडवरील दुरुस्तीच्या दुकानांतील ज्ञान बव्हंशी तोंडी आहे. ते लिहिले गेले नाही, तर यंत्रे दुसऱ्यांनी लिहिलेलेच जाणतील आणि आपण पुन्हा तयार कारखान्याचे ग्राहक ठरू. या कामाला मोठा निधी लागत नाही. शिक्षक व विद्यार्थी यांची चिकाटी लागते. परावलंबन टाळण्यासाठी भाभांनी संस्था उभारली. त्याच हेतूने आपल्या हाताशी असलेल्या साधनांची माहिती लिहून ठेवणे या पिढीला सहज शक्य आहे.