सेवासदनाच्या रमाबाई

शिवणवर्ग, प्रथमोपचाराचा वर्ग, प्रौढ बायकांचा वाचनवर्ग, हे कोणत्याही महिला मंडळात असायचेच. इतके ठरलेले की, हे कोणीतरी प्रथम सुरू केले असेल आणि त्यासाठी कोणाला तरी बोलणी खावी लागली असतील, हे आपल्या मनातही येत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी कोणाचे चरित्र लिहावे असा प्रश्न निघाला तेव्हा म्हणूनच कै. रमाबाई रानडे यांचे नाव पुढे आले. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. तरुण मुलींना आणि विधवांना चार पैसे मिळविण्याची विद्या हाती देणाऱ्या रमाबाई मात्र तितक्या ठाऊक नाहीत. येथे लिहायचे आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. गाव देवराष्ट्रे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले आणि आजच्या सांगली जिल्ह्यातले. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा, पुढे १९१३ सालचा.) माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी, पण मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. शिकलेल्या बाईला वैधव्य येते अशी समजूत त्या काळी घरोघर होती, आणि घरच्या वडीलधाऱ्या बायकाच ती सांभाळून ठेवीत असत.

१८७३ च्या डिसेंबरात, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न माधवराव रानड्यांशी झाले. माधवराव एकतिशीचे आणि पहिली पत्नी नुकतीच वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे स्वतःची वेळ आल्यावर विधवेशीच विवाह करतील, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या शब्दापुढे त्यांनी मान तुकविली आणि अकरा वर्षांची मुलगी घरात आली. यासाठी लोकांनी त्यांना पुष्कळ बोल लावले, आणि ते अगदीच गैर होते असे म्हणवत नाही. घरात त्यांची एक बालविधवा बहीण होती. त्या बहिणीकडे पाहतच रमाबाई लहानाच्या मोठ्या झाल्या.

लग्नानंतर लगेच माधवरावांनी त्यांच्या हाती पाटीपेन्सिल दिली. हा प्रसंग २०१२ सालच्या दूरदर्शन मालिकेत आपण बहुतेकींनी पाहिलेला आहे. मालिकेत तो गोड वाटतो. प्रत्यक्षात त्या पाटीची किंमत रमाबाईंना पुढे कितीतरी वर्षे मोजावी लागली. मराठी शिकविण्यास शिक्षिका येऊ लागली, इंग्रजी माधवराव स्वतः शिकवू लागले, आणि घरातल्या बायकांनी टोमणे, चेष्टा, अबोला सारे सुरू केले. स्वयंपाक, पाहुणे, सोवळेओवळे हे सांभाळून, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने अभ्यास करायचा. पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजाच्या सभेस जाऊन आल्या की घरी काय ऐकावे लागे हे त्यांनी लिहून ठेवले आहे. मुलींसाठी हायस्कूल हवे म्हणून पुण्यात गव्हर्नरांपुढे त्यांनी इंग्रजीत मागणी मांडली, तेव्हाही घरात कौतुक झाले नाही. ते हायस्कूल, आपली हुजूरपागा, १८८४ साली निघाले.

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. मोठ्या वयाच्या बाईला अक्षर गिरविताना काय लाज वाटते, घरच्यांच्या एका शब्दाने तिचा उत्साह कसा मावळतो, हे पुस्तकातून कळत नाही. रमाबाईंना ते अंगावर सोसून कळले होते.

१८९३ साली माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा क्लब काढून भाषणकला, विणकाम, शिवणकाम यांचे वर्ग चालविले. पुढे जे करावयाचे होते त्याची ही एक तऱ्हेची उमेदवारीच म्हणायची. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई पुण्याच्या घरी परतल्या आणि वर्षभर जवळजवळ घराबाहेर पडल्याच नाहीत.

त्यानंतर हळूहळू त्या तुरुंगात जाऊ लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातील बायकांना भेटणे, चार शब्द सांगणे, इस्पितळातल्या रोग्यांना फळेफुले नेऊन देणे असा क्रम चालू झाला. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. ही सर्व कामे चांगलीच. परंतु फळे वाटून परत येताना रोग्याचे दुःख तेथेच राहते. तरुण विधवेचे दुःखही सांत्वनाने जाणारे नव्हते. तिला दोन वेळचे अन्न बहुधा मिळे, पण ते दुसऱ्याच्या घरचे, आणि त्याची आठवण करून देणारे कोणीतरी घरात असेच.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल या दोघांनी मुंबईत सेवासदन काढले. एक पारशी पत्रकार, दुसरे सिंधी न्यायाधीश. स्त्रियांनी रोग्यांची शुश्रूषा आणि शिक्षण यांचे काम शिकून समाजाच्या उपयोगी पडावे, ही मूळ कल्पना त्यांची. त्या कामाच्या अध्यक्षा म्हणून त्यांनी रमाबाईंना गळ घातली. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यास शाखा निघाली ती रमाबाईंच्या स्वतःच्या घरात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे संस्थेची व्यवस्था आणि निधी यांचा भार उचलणारे. देवधरांची धावपळ आणि रमाबाईंचे नाव, या दोन चाकांवर गाडी चालली.

नावाचे महत्त्व कशात होते हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० साली पुण्यास आले. मुली शिकू लागल्या आणि मग धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ साली मोठे वादळ झाले. स्वतः न्यायमूर्तींना तेथील सल्लागार मंडळ सोडावे लागले. त्यामुळे बायकांच्या संस्थेत आपल्या घरची सून किंवा लेक पाठविण्यास पांढरपेशी कुटुंबे बिचकत होती. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ पासून चालू होता, पण अण्णासाहेबांनी विधवेशी विवाह केलेला, म्हणून पुष्कळांना तेही नको वाटे. रमाबाई याउलट सर्वांच्या परिचयाच्या. सोवळे पाळणाऱ्या, देवधर्म करणाऱ्या, आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत स्वयंसेविका घेऊन जाणाऱ्या. त्यांनी रूढीशी उघड भांडण केले नाही, हा त्यांच्यावर आक्षेपही घेतला जातो. मला मात्र वाटते, त्या उघड भांडल्या असत्या तर पुण्यातील सासवांनी सुनांना त्या वाड्याची पायरी चढू दिली नसती.

वाड्यात वर्ग सुरू झाले. ज्यांचे शिक्षण कधी सुरूच झाले नाही किंवा लग्नामुळे तुटले अशा प्रौढ स्त्रियांना पहिल्या पुस्तकापासून शिकविणे, शिवण, भरतकाम, प्रथमोपचार, गायन असे एकेक काम वाढत गेले. घरचे आवरून येणारी बाई आणि जिला घरच उरले नाही अशी बाई एकाच सतरंजीवर बसत. पहिलीला थोडा विरंगुळा, दुसरीला मात्र पोटाचा प्रश्न.

आणि सर्वांत कठीण काम परिचारिकांचे. आज नर्स म्हटले की आपण आदराने बोलतो. त्या काळी हे काम हलके मानीत. परजातीच्या रोग्याला शिवायचे, त्याची घाण काढायची, रात्रपाळी करायची, परपुरुषाच्या खाटेपाशी उभे राहायचे! ब्राह्मण घरातील विधवा मुलीने हे करावे ही गोष्ट ऐकणेसुद्धा लोकांना जड जाई. सेवासदनाने आपल्या मुली ससून इस्पितळात शिक्षणासाठी पाठविल्या. नुसते पाठवून भागत नव्हते. ड्यूटीवरून परत आल्यावर त्या राहणार कोठे, त्यांच्या जेवणाखाण्याची आणि अब्रूची काळजी कोण घेणार, हे प्रश्न आईबापांच्या मनात आधी येत. म्हणून उमेदवार परिचारिकांसाठी वसतिगृह उघडले. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीही वेगळे वसतिगृह झाले. नर्स होण्याची विद्या ससूनने दिली हे खरे. पण मुलगी त्या दारापर्यंत पोहोचली ती वसतिगृहामुळे, असे माझे मत आहे. शिवणाचे यंत्र विकत आणणे सोपे असते, बाईला घराबाहेर काढून सुखरूप परत पोहोचविणे कठीण. आपल्या वर्गाच्या व्यवस्थापिका याला दुजोरा देतील.

दुसरी वाट शिक्षिकेची. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्या असत, शिकलेल्या बायका मिळत नसत, आणि शिक्षिका नाहीत म्हणून आईबाप मुलींना शाळेत घालीत नसत. सेवासदनाने स्त्रियांसाठी स्वतःचे ट्रेनिंग कॉलेज काढले. कालपर्यंत दिराच्या घरी भाकरी थापणारी विधवा तेथून शिक्षिका होऊन बाहेर पडू लागली.

याच सुमारास, १९२० च्या आगेमागे, पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा वाद पेटला. सक्ती मुलांपुरती ठेवावी, मुलींचे पुढे पाहू, असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांत मोठमोठी नावे होती. एरवी मवाळ असलेल्या रमाबाई येथे मात्र मागे सरल्या नाहीत. मुलींनाही सक्ती लागू झालीच पाहिजे यासाठी त्यांनी स्त्रियांना एकत्र केले. १९२१ साली मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हाही त्या पुढे होत्या. मुलींच्या शाळा वाढल्या की तेथे शिकविणाऱ्या स्त्रियांनाही जागा मिळणार. सेवासदनाच्या अध्यक्षेला हा हिशेब कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९२४ साली रमाबाई वारल्या तेव्हा त्यांच्या घरातून निघालेल्या संस्थेची तीन वसतिगृहे होती, ट्रेनिंग कॉलेज होते, आणि वर्गांतून शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या हजारावर गेली होती. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपालाचे तिकीट काढले.

आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे. पुस्तक न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते. त्यानंतरच्या तेवीस वर्षांच्या आठवणी रमाबाईंनी तशा लिहिल्या नाहीत. मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तकाची एक प्रत आहे. बांधणी सैल झाली आहे, तेव्हा नेणाऱ्या भगिनींनी ती जपून हाताळावी आणि पंधरा दिवसांत परत करावी.