तिजोरी भरली, पण कोणाच्या घामाने?

शेतकरी बंधूंनो आणि ग्रामसेवक मंडळींनो, गावाचं अंदाजपत्रक करताना आपण काय करतो? मागच्या वर्षीचा कागद काढायचा, आकड्यात थोडी भर घालायची अन् सही करायची. या सवयीवर उतारा म्हणून महाराष्ट्र सरकारने १९८६ साली शून्याधारित अर्थसंकल्प आणला. मागचा आकडा विसरायचा आणि प्रत्येक खर्च का हवा हे नव्याने पटवून द्यायचं, असा त्याचा अर्थ. हे नाव अलीकडचं; पण सरकारी खर्चाला जाब विचारण्याचा धडा पुण्याच्या एका मास्तरांनी फार आधी घालून दिला होता. ते मास्तर म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाला पगार पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये तो धाकट्याच्या शिक्षणाला धाडी. शिकून गोपाळराव पुण्यात शिक्षक झाले. फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं, अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. सरकारी अहवालातले आकडे कसे वाचायचे, हे ते न्यायमूर्ती रानड्यांकडे शिकले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला, लॉर्ड कर्झनच्या कौन्सिलात ते अर्थसंकल्पावर बोलले. तिजोरीत सात कोटींहून जास्त शिल्लक होती. सरकार खूश होतं. पण १८९६ पासून दोन मोठे दुष्काळ पडून रयत मोडली होती. मग ही शिल्लक भरभराटीची कशी? ती तर गरजेपेक्षा जास्त वसूल केलेल्या कराची, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिलं. लष्करावरच्या खर्चालाही त्यांनी जाब विचारला.

मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. गोखल्यांनी दरवर्षी हा विषय लावून धरला. १९०३ ला दोन, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपया, असा तो उतरत गेला. सगळंच साधलं असं नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं विधेयक १९१२ साली फेटाळलं गेलं. १९ फेब्रुवारी १९१५ ला, पन्नाशीच्या आतच, ते पुण्यात वारले.

तेव्हा बंधूंनो, पुढच्या ग्रामसभेला गावचा जमाखर्च वाचला जाईल तेव्हा उठून जाऊ नका. दिवाबत्ती असो की पाइपलाइन, हा खर्च यंदा का, आणि त्याने कोणाचं भलं होणार, एवढं जरूर विचारा. ग्रामसेवक भाऊसाहेब, तुम्हीही रागावू नका. गोखल्यांनीही आकडेच विचारले होते.