अडखळत बोलणारा बादशहा

आचऱ्याच्या एखाद्या जुन्या घरात आजीची पत्र्याची पेटी उघडली, तर कापडात बांधून ठेवलेला एखादा जुना रुपया अजूनही हाती लागतो. त्यावर मुकुटधारी डोके कोरलेले असते. तो बादशहा सहावा जॉर्ज, इंग्रजी अमलातला आपल्या देशाचा अखेरचा सम्राट. त्याच्या साम्राज्याबद्दल आपल्याला आपुलकी वाटण्याचे काही कारण नाही आणि त्याच्या राज्यकारभाराचा हिशेबही येथे मांडावयाचा नाही. परंतु ज्याच्या नावाने कोट्यवधी माणसांवर हुकूम सुटत होते, त्याला स्वतःला चार वाक्ये सरळ बोलता येत नव्हती, ही गोष्ट आपल्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

त्याचा जन्म १४ डिसेंबर १८९५ चा. नाव आल्बर्ट, घरात बर्टी म्हणत. थोरला भाऊ गादीचा वारस, देखणा आणि बोलका. हा धाकटा बुजरा. तो जन्मतः डावखुरा होता, पण त्याला उजव्या हाताने लिहावयास लावले. गुडघे आत वळलेले म्हणून पायांना पट्ट्या बांधल्या. सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास त्याची जीभ अडखळू लागली. वडील, म्हणजे पुढे पाचवा जॉर्ज झालेले, शिस्तीचे आणि तापट. मुलगा शब्दावर अडला की त्यांचा धीर सुटे. आजी-आजोबांच्या वाढदिवशी पाहुण्यांसमोर पाठ केलेली कविता म्हणून दाखवण्याची घरात रीत होती. त्या दिवशी या मुलाचे काय होत असेल, याची कल्पना ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना सांगावी लागणार नाही.

मग नौदलाच्या शाळेत रवानगी झाली. एकदा गणिताच्या तासाला अर्ध्याचे अर्धे किती, असा साधा प्रश्न आला. उत्तर त्याला येत होते. पण पाव या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा आरंभ ‘क’ ने होतो आणि नेमका ‘क’ त्याच्या घशात अडके. तो गप्प उभा राहिला, आणि मास्तरांनी ओळखले ते एवढेच की याला काही येत नाही. ऑस्बोर्नच्या शेवटच्या परीक्षेत ६८ मुलांत त्याचा नंबर ६८ वा आला. आपल्या वर्गांतूनही अशी मुले असतात. प्रश्न विचारला की खाली बघतात, आणि आपण त्यांच्या नावापुढे ‘कच्चा’ असा शेरा मारून मोकळे होतो.

पुढे तो नौदलात गेला. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतील माणसांनी बोटीवर उमर काढली आहे, त्यांना हे सांगितले पाहिजे की ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या मोठ्या दर्यायुद्धात हा वीस वर्षांचा तरुण कॉलिंगवुड या जहाजाच्या तोफेच्या बुरुजात कामावर होता. तोफांची त्याला भीती वाटली नाही. भीती होती ती माणसांसमोर उभे राहून बोलण्याची. ‘किंग’ हा शब्दही ‘क’ चाच असल्याने तो टाळून तो दुसरे शब्द वापरी. तोतरे बोलणारा माणूस दिवसभर हेच करीत असतो. एस.टी.त कंडक्टर समोर आला आणि ‘आचरा’मधला पहिला ‘आ’च निघेना, की तो अलीकडच्या किंवा पलीकडच्या गावाचे तिकीट मागतो आणि उरलेली वाट पायी तुडवतो. लोकांना वाटते, पोरगा विसराळू आहे.

३१ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमधील वेम्बली येथे एका प्रचंड प्रदर्शनाच्या समारोपाचे भाषण त्याला करावे लागले. शब्दाशब्दाला खंड पडला. ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. यापूर्वी बरेच वैद्य झाले होते, गुण कोणाचाच आला नव्हता. अखेर पत्नी एलिझाबेथ हिच्या आग्रहावरून तो १९ ऑक्टोबर १९२६ रोजी लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन गृहस्थाकडे गेला. लोग डॉक्टर नव्हते. ते भाषण शिकवणारे मास्तर होते, आणि पहिल्या महायुद्धातून वाचा बिघडून परतलेल्या सैनिकांना त्यांनी बोलते केले होते. त्यांनी अट घातली की उपचारासाठी राजपुत्राने त्यांच्या खोलीवर यावे. तेथे राजपुत्र आणि मास्तर बरोबरीने बसत.

लोग यांच्याजवळ जादू नव्हती. त्यांचे म्हणणे असे की श्वास आणि शब्द यांचा मेळ बसत नाही, तो बसवायचा. रोज तासभर मेहनत. कोमट पाण्याच्या गुळण्या, उघड्या खिडकीपाशी उभे राहून एकेक स्वर लांबवीत म्हणणे, पोटातून श्वास घेणे, जिभेला वळण लावणारी कठीण वाक्ये. वर्ष-सव्वा वर्षात तो ऐंशीहून अधिक वेळा त्यांच्याकडे गेला. ९ मे १९२७ रोजी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे पार्लमेंटच्या नव्या इमारतीचे उद्घाटन करताना त्याचे भाषण नीट पार पडले.

पुढे डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या भावाने गादी सोडली आणि ती याच्या गळ्यात पडली. त्याच आठवड्यात कँटरबरीच्या आर्चबिशपनी रेडिओवरून नव्या राजाच्या अडखळण्याचा उल्लेख केला. हेतू चांगला असेलही, पण त्यामुळे साऱ्या जगाचे कान त्याच्या जिभेकडे लागले. असे हितचिंतक आपल्याकडेही लग्नकार्यात भेटतात.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले. संध्याकाळी सहाला राजाने देशाशी बोलायचे होते. भाषणाच्या कागदावर कोठे थांबायचे, कोठे श्वास घ्यायचा याच्या खुणा लोग यांनी करून दिल्या होत्या, आणि त्या लहानशा खोलीत राजासोबत ते एकटेच होते. वर्तमानपत्रांत छापलेल्या छायाचित्रात राजा बसलेला दिसतो. प्रत्यक्षात तो उभा राहून बोलला, कारण उभ्याने श्वास मोकळा चालतो.

तोतरेपणा पुरता गेला काय? नाही. शेवटपर्यंत मधूनच शब्द अडे. आज आपल्याला हे ठाऊक आहे की हा दोष बुद्धीचा नव्हे, आणि केवळ भीतीने तो जडत नाही. पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो. शंभरातील सुमारे पाच मुले लहानपणी केव्हा तरी अडखळतात, त्यांतील बहुतेक आपोआप सुटतात, आणि मोठेपणी शंभरात एखाद्याची सोबत तो करतो. जिभेखाली गारगोटी ठेवणे, चापट मारणे, वाक्य त्याच्या तोंडातून ओढून आपणच पुरे करणे, यांनी काही साधत नाही. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांनी जिभेची गाठ सुटावी म्हणून केलेली दुआ आपल्या घराघरांत मुलांना पाठ असते. त्यांनी सोबतीला भाऊ हारून यांनाही मागितले होते, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

नाताळच्या दिवशी रेडिओवरून प्रजेशी बोलण्याची प्रथा या राजाला नेहमीच जड गेली. त्या दिवशीचे जेवण त्याला गोड लागत नसे. सप्टेंबर १९५१ मध्ये त्याचे एक फुफ्फुस काढावे लागले. त्या वर्षीचे भाषण प्रथमच आगाऊ ध्वनिमुद्रित केले, तेही थोडे थोडे, दम घेत घेत, आणि मग तुकडे जोडले. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी तो झोपेतच वारला. लोग पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये गेले.